महिना पाच आस: रोमन शहरांतल्या साध्या माणसांची मंडळे

नव्या सभासदाने आधी नियम नीट वाचावेत आणि मगच आत यावे. नंतर कुरकुर करू नये, की मरताना वारसाच्या गळ्यात खटला अडकवून जाऊ नये. ही ताकीद इ.स. १३६ सालची आहे. रोमच्या आग्नेयेला सुमारे तीस किलोमीटरवर लानुविउम नावाचे छोटे शहर होते. तिथल्या एका मंडळाने आपली नियमावली संगमरवरावर कोरून देवळात लावली. ती १८१६ साली सापडली. मंडळ १ जानेवारी १३३ रोजी सुरू झालेले. दैवते दोन: डायना ही जुनी देवी आणि अँटिनोअस हा सम्राट हेड्रियनचा लाडका तरुण, जो १३० साली नाईल नदीत बुडाला आणि ज्याला सम्राटाने देवपद दिले. सभासद मात्र दरबारातले कोणी नव्हते. त्यांत गुलाम होते, गुलामीतून सुटलेले होते, चार पैसे गाठीला बांधू पाहणारी साधी माणसे होती. रोमचा इतिहास वाचताना अशी माणसे आपल्याला भेटतात ती बहुधा घोळक्याने. फुकट धान्यासाठी रांग लावणारी, आखाड्यात रक्त पाहून ओरडणारी, कोणीही चिथवावे आणि दंगल करावी अशी. हे चित्र रंगवले ते त्यांच्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्या धनिक लेखकांनी, आणि दोन हजार वर्षे आपण ते जसेच्या तसे स्वीकारले. फुकट धान्य मिळत होते ते मुख्यतः राजधानीत. ऑगस्टसच्या काळात त्याचे लाभार्थी सुमारे दोन लाख होते. साम्राज्यातल्या बाकीच्या शेकडो शहरांत साध्या माणसाला आपली सोय आपणच करावी लागे. ती त्याने मंडळे काढून केली. पण ही मंडळे नुसती सोय नव्हती. ज्या माणसाला शहराच्या कारभारात शब्द नव्हता त्याने उभारलेला तो स्वतःचा कारभार होता, आणि सम्राटांना तो खुपत होता तो याच कारणासाठी.

लानुविउमचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. प्रवेश फी १०० सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक घडा. महिन्याची वर्गणी ५ आस. चार आसांचा एक सेस्टर्स होई, म्हणजे वर्षाला १५ सेस्टर्स. सभासद वारला की मंडळ अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स काढणार. त्यांतले ५० चितेपाशी हजर असलेल्यांत वाटायचे, म्हणजे कोणी एकटा जाणार नाही याची तजवीज पैशानेच केलेली. तेरा-चौदा वर्षे वर्गणी भरली तर माणसाने घातलेले आणि मिळणारे बरोबरीत येई. सहा महिने सलग वर्गणी थकली तर हक्क गेला. शहरापासून वीस मैलांपलीकडे कोणी वारला आणि वेळेवर कळले, तर तिघांना निवडून तिकडे पाठवायचे, प्रत्येकाला वाटखर्चाला २० सेस्टर्स द्यायचे, आणि परत आल्यावर त्यांनी चोख हिशेब सादर करायचा. आत्महत्या केली तर काही मिळणार नाही. गुलाम सभासदाला मुक्ती मिळाली तर त्याने आनंदाप्रीत्यर्थ मद्याचा एक घडा द्यायचा. या कलमांतून एक हिशेबी, सावध आणि एकमेकांना ओळखून असलेला समाज दिसतो. कुठे भांडण होऊ शकते, कोण पैसे बुडवू शकतो, कोण मध्येच हात घालू शकतो, हे सगळे या लोकांनी आधीच विचारात घेतले होते. असा मसुदा करायला कायद्याची भाषा यावी लागते, आणि त्याहून अधिक म्हणजे पूर्वी कधी तरी फसलेले असावे लागते.

दोन कलमे माझ्या मते या सबंध दगडाचा गाभा आहेत. पहिले असे की मेलेल्या सभासदाच्या पैशांवर त्याच्या मालकाला, मालकिणीला, त्याला मुक्त करणाऱ्या जुन्या धन्याला किंवा सावकाराला काहीही हक्क सांगता येणार नाही. मृत्युपत्रात वारस म्हणून नाव असेल तरच. रोमन कायद्याने गुलामाजवळ जे काही असेल ते शेवटी मालकाचे. इथे गुलामाने आस आस करून भरलेली रक्कम मालकाच्या हातात पडू नये म्हणून दगडावर कुंपण घातले आहे. दुसरे कलम आणखी पुढे जाते. गुलाम सभासद वारला आणि मालकाने किंवा मालकिणीने अन्यायाने त्याचे शरीर अंत्यविधीला दिले नाही, तर मंडळ शरीराशिवाय, प्रतीकरूपाने त्याचा विधी करील. मालकाच्या वागण्याला अन्याय म्हणण्याचे धैर्य या लोकांनी दाखवले, आणि तेही देवळात, सर्वांच्या डोळ्यांदेखत. यावर कायद्याचा जाणकार म्हणेल की गुलामाला अशा मंडळात घ्यायचे तर मालकाची संमती लागे, तेव्हा या धैर्याला मर्यादा होती. ते खरे आहे. संमती देणाऱ्या मालकाला हे कलम ठाऊक असणार आणि त्याने ते चालू दिले असणार. पण म्हणून कलमाचे वजन कमी होत नाही. ज्याचे शरीर जिवंतपणी दुसऱ्याच्या मालकीचे होते, त्याच्या मरणाची दखल घेण्याचा अधिकार त्याच्या सोबत्यांनी स्वतःकडे घेतला, ही गोष्ट संमतीने पुसली जात नाही.

एकोणिसाव्या शतकात थेओडोर मॉमसेनने १८४३च्या आपल्या प्रबंधात अशा मंडळांचा एक वर्गच वेगळा काढला: गरिबांची अंत्यविधी-मंडळे. नियमावलीच्या वरच्या भागात रोमन सिनेटचा ठराव उद्धृत केला आहे. अंत्यविधीसाठी दरमहा वर्गणी गोळा करणाऱ्यांनी महिन्यातून एकदा जमावे, एवढी सवलत तो देतो, म्हणून ही कल्पना पटण्यासारखी वाटली. पण लानुविउमचा दगड शेवटपर्यंत वाचला तर मरणाइतकाच मजकूर जेवणाबद्दल आहे. पाळीपाळीने चौघांनी पंगतीची व्यवस्था करायची: चांगल्या मद्याचा एकेक घडा, माणशी दोन आसांची भाकरी, माणशी चार तारल्या, बैठकीवरची आच्छादने, गरम पाणी आणि वाढणारे. ज्याची पाळी चुकेल त्याने ३० सेस्टर्स दंड भरायचा. पंगतीत जागा सोडून दुसरीकडे जाऊन गोंधळ घातला तर ४ सेस्टर्स, कोणाला शिवीगाळ केली तर १२, आणि मंडळाच्या प्रमुखाचा अपमान केला तर २०. तक्रार असेल तर ती कामकाजाच्या बैठकीत मांडायची. सणाच्या दिवशी शांतपणे आणि आनंदाने जेवायचे. एरवी या माणसांना पंगतीत मानाने बसवणार कोण? गुलाम जेवण वाढतो, तो बसत नाही. इथे त्याला ठरलेली जागा होती आणि त्याला शिवी देणाऱ्याला दंड होता. तेव्हा अंत्यविधी हे कायद्यात बसणारे कारण झाले. माणसे जमली ती माणूस म्हणून मोजली जाण्यासाठी, जिवंतपणी आणि मेल्यावरही.

यावर रास्त आक्षेप असा की ही मुळात गरीब माणसे नव्हतीच. १०० सेस्टर्स म्हणजे त्या काळच्या रोमन सैनिकाचा एका महिन्याचा पगार, आणि वर मद्याचा घडा. जो रोज उठून बंदरावर किंवा बांधकामावर मजुरी शोधतो तो हे एकरकमी कुठून आणणार? हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो सौम्य करण्याची गरजही वाटत नाही. रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर १८७०च्या दशकात रोडोल्फो लान्चानीला खोल खड्डे सापडले, ज्यांत माणसांची प्रेते आणि जनावरांची हाडे एकत्र टाकलेली होती. मंडळात न पोचलेल्यांचे काय होई ते तिथे दिसते. स्त्रियाही या मंडळांत फार थोड्या. त्या भेटतात त्या बहुतेक आश्रयदात्या म्हणून. म्हणजे मंडळे तळागाळाची नव्हती. ती त्या खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्यांची होती: कारागीर, दुकानदार, नावाडी, थोडी कमाई हाताशी असलेले गुलाम. काठावरच्या माणसाला खड्डा रोज दिसतो, आणि म्हणून वर्गणीचे महत्त्व त्याला जितके कळते तितके वरच्या कोणालाही कळत नाही.

दुसरा वाद विसाव्या शतकातल्या अभ्यासकांत रंगला. या मंडळांत केवळ खाणेपिणे आणि देवदेव होते, व्यवसायाच्या हिताशी त्यांना कर्तव्य नव्हते, असे पुष्कळांनी ठामपणे मांडले. मध्ययुगीन युरोपातल्या कारागीर-संघांशी त्यांची तुलना करू नये हे त्यांचे म्हणणे योग्यच. पण इजिप्तमधल्या तेबतुनिस गावचा एक पपायरस या मताला पुरून उरतो. इ.स. ४७ सालचा तो करार आहे तिथल्या मीठ विकणाऱ्यांचा. त्यांनी आपल्यातल्या एकाला वर्षभरासाठी प्रमुख निवडले, कर गोळा करण्याचे कामही त्याच्याकडे दिले, आणि कोणी कुठल्या गावात विकायचे ते वाटून घेतले. मिठाच्या तीन प्रतींचे किमान भाव ठरवले: अडीच, दोन आणि दीड ओबोल. त्याखाली विकणाऱ्याला ८ द्राख्मा दंड मंडळाला आणि तितकाच सरकारी तिजोरीला. बाहेरचा व्यापारी मोठी खरेदी करायला आला तर सर्वांनी मिळून विकायचे. आणि दर महिन्याच्या २५ तारखेला प्रत्येकाने सुमारे तीन लिटर बिअर प्यायची. हजर न राहणाऱ्याला दंड. भाव, कर, हद्द आणि बिअर हे सगळे एकाच कागदावर आहे. व्यवसाय वेगळा आणि सोबत वेगळी हा भेद आपण केलेला आहे. मीठवाल्यांना तो माहीत नव्हता. सोबत होती म्हणून भाव पाळला जाई. यात गिऱ्हाइकाचे नुकसान होते आणि बाहेरच्या विक्रेत्याला दार बंद होते, हे लपवण्याचे कारण नाही. आपल्या माणसांना सांभाळणारे मंडळ परक्याला सांभाळतेच असे नाही.

आता सत्तेच्या बाजूने पाहू. इ.स. ११०च्या सुमारास प्लिनी बिथिनिया प्रांताचा, म्हणजे आजच्या वायव्य तुर्कस्तानचा, कारभार पाहत होता. निकोमीडिया शहरात मोठी आग लागली. अनेक घरे आणि दोन सार्वजनिक इमारती जळाल्या. लोक उभे राहून बघत राहिले, कारण शहरात ना पंप होता ना बादली. प्लिनीने सम्राट ट्राजनला लिहिले की १५० कारागिरांचे एक अग्निशमन मंडळ काढू का? कारागिरांखेरीज कोणाला घेणार नाही आणि एवढ्या थोड्या लोकांवर नजर ठेवणे अवघडही नाही, असे आश्वासनही दिले. ट्राजनने नकार दिला. याच प्रांताला अशा मंडळांनी त्रास दिला आहे. नाव काहीही द्या, कारण काहीही सांगा, एकत्र जमलेल्या माणसांचे लवकरच राजकीय टोळके होते. तेव्हा आगीची साधने ठेवा आणि घरमालकांनाच ती वापरायला सांगा, असे त्याचे उत्तर. शहर जळाले तरी चालेल पण दीडशे सुतार-लोहारांचे मंडळ नको, ही भूमिका एखाद्या माथेफिरू सम्राटाची नव्हे. रोमन परंपरेने सर्वोत्तम मानलेल्या सम्राटाची आहे. अमिसुस शहराला करारामुळे स्वतःचे कायदे होते, म्हणून तिथल्या परस्पर-मदतीच्या मंडळांना त्याने नाइलाजाने हात लावला नाही. पैसा दंगलीकडे न जाता गरिबांकडे जावा, एवढी अट घातली. प्लिनीने मंडळबंदीचा हुकूम काढला तेव्हा ख्रिस्ती लोकांनीही आपले एकत्र जेवण थांबवले, असे तोच कळवतो.

ट्राजनची भीती अगदीच निराधार नव्हती. इ.स.पूर्व ६४ मध्ये सिनेटने अनेक मंडळे बंद केली. सहा वर्षांनी क्लोडिउस या राजकारण्याने ती पुन्हा उघडली आणि रस्त्यावरच्या मारामाऱ्यांसाठी राबवली. पुढे सीझर आणि ऑगस्टस यांनी पुन्हा चाप लावला. इ.स. ५९ मध्ये पाँपेईच्या आखाड्यात शेजारच्या नुकेरियाच्या प्रेक्षकांशी मारामारी होऊन माणसे मेली, तेव्हा सिनेटने तिथले खेळ दहा वर्षे बंद केले आणि बेकायदा मंडळेही बरखास्त केली. एफेससमध्ये दुसऱ्या शतकात बेकऱ्यांनी काम अडवून शहरात गोंधळ माजवला आणि राज्यपालाला त्यांच्या जमण्यावर हुकूम काढावा लागला. पण दंगल तर श्रीमंतांच्या पदरी असलेल्या गुंडांनीही केली, आखाड्यातल्या मोकळ्या प्रेक्षकांनीही केली. मंडळांचा खरा धोका दंगलीत नव्हता. पाँपेईच्या भिंतींवर अडीच हजारांहून अधिक निवडणूक-घोषणा रंगवलेल्या सापडल्या. त्यांत फळविक्रेते, खेचरवाले, सोनार, धोबी आपापल्या नावाने उमेदवाराची शिफारस करतात. एक फळविक्रेता नगण्य असतो. फळविक्रेते असे एकत्र नाव भिंतीवर आले की उमेदवाराला त्यांच्याकडे जावे लागते. ज्यांच्याजवळ पेटी आहे, सभासदांची यादी आहे, ठरल्या दिवशी जमण्याची सवय आहे आणि आपल्यातल्याला दंड करण्याची ताकद आहे, त्यांना जमाव म्हणता येत नाही. ट्राजनला हे पक्के कळले होते.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र वेगळा आहे. ही मंडळे श्रीमंतांच्या जगाची नक्कल होती आणि त्यांच्याच मेहेरबानीवर जगत होती, असे म्हणतात. पुरावा भरपूर आहे. मंडळांच्या प्रमुखाला शहराच्या अधिकाऱ्याची पदवी. लानुविउममध्ये प्रमुखाला प्रत्येक वाटपात दुप्पट हिस्सा, कारकुनाला आणि निरोप्याला दीडपट. वर्षातल्या सहा पंगतींपैकी दोन देवांच्या वाढदिवसाच्या आणि चार आश्रयदाता लुकिउस काएसेन्निउस रुफुस, त्याचे आईवडील आणि भाऊ यांच्या. पाँपेईच्या धोब्यांनी एउमाखिया या श्रीमंत पुजारिणीचा पुतळा उभारला. यात लाचारी पाहता येते, आणि समतेचे स्वप्न शोधायला जाणाऱ्याची निराशा होते. पण ओस्तिया बंदरात जाऊन बांधकाम-सुतारांच्या मंडळाची इमारत पाहावी. मुख्य रस्त्यालगत चौक, भोवती खोल्या, आणि ओळीने चार खोल्यांत जेवताना रेलण्यासाठी पक्के बांधलेले ओटे. इ.स. १९८च्या यादीत या मंडळाचे सुमारे ३५० सभासद आहेत. रेलून जेवणे हा श्रीमंतांच्या घरातला रिवाज. तो सुतारांनी आपल्या पैशाने, आपल्या छपराखाली आणला. ज्याला मान नाकारलेला आहे तो मानाची नवी चिन्हे शोधत बसत नाही, समोर जी आहेत तीच हातात घेतो. आणि आश्रयदात्याचे पैसे आले तरी वर्गणीची पेटी, दंडाचा अधिकार आणि हिशेब सभासदांकडेच राहत.

आश्रयदात्या धनिकाने मंडळाकडे ठेव द्यायची आणि तिच्या व्याजातून नियमित कार्य चालायचे, ही पद्धत त्याच सुमारास आपल्याकडेही होती. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा एक टक्क्याने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण पाऊण टक्क्याने कायमचे ठेवले. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च भागायचा. इथे राजाच्या जावयाने विणकरांवर विश्वास टाकला आहे. मूळ रक्कम कधीही परत घ्यायची नाही, म्हणजे हे विणकर पिढ्यान् पिढ्या एकत्र राहतील याची त्याला खात्री होती. रोमन सम्राटाने कारागिरांच्या मंडळाकडे ज्या नजरेने पाहिले तिच्याशी ही नजर ताडून पाहावी.

दगडावर कोरली जातात ती भरभराटीला आलेली मंडळे, मोडलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर डाकियातल्या, म्हणजे आजच्या रोमानियातल्या, आल्बुर्नुस मायोर या सोन्याच्या खाणींच्या गावातून मिळते. तिथे खाणीत मेणाच्या पाट्या जपून राहिल्या. ९ फेब्रुवारी १६७ची एक पाटी म्हणजे ज्युपिटर केर्नेनुसच्या मंडळाची जाहीर सूचना आहे. प्रमुख आर्तेमिदोरुस आणि दोघे खजिनदार कळवतात की ५४ सभासदांपैकी आता १७ उरले आहेत. दुसरा प्रमुख निवडून आल्यापासून एकदाही गावात फिरकला नाही. ठरलेल्या दिवशी कोणी जमत नाही, अंत्यविधीची वर्गणी कोणी देत नाही, पेटीत काही शिल्लक नाही. जे होते त्याचा हिशेब चुकता केला आहे, आर्तेमिदोरुसने भरलेला जामीन त्याला परत मिळाला आहे. यापुढे कोणी वारला तर आपले मंडळ आहे असे त्याने समजू नये. साध्या माणसांच्या संघटनेविषयीचा याहून प्रामाणिक कागद मला माहीत नाही. गर्दी अशी सूचना लावत नाही. गर्दी नुसती पांगते. इथे सगळे संपले असतानाही तिघांनी हिशेब देण्याची जबाबदारी पार पाडली आणि ती लोकांसमोर मांडली.

पुढच्या दोन शतकांत राज्यकर्त्यांचे धोरण पार उलटे झाले. राजधानीला भाकरी, जहाजे, बांधकाम हवे होते आणि तिजोरी आटत होती. ज्या मंडळांना एकेकाळी जमू द्यायचे नव्हते, तीच आता सरकारी कामाला जुंपली गेली आणि सोडून जाण्याची मुभा काढून घेतली गेली. लानुविउमच्या माणसाला आधी नियम वाचून मग यायचे की नाही हे स्वतः ठरवता येत होते. चौथ्या शतकातल्या कायद्यांनुसार रोमच्या बेकऱ्याच्या मुलाला बेकरीच चालवावी लागे, बेकऱ्याची मालमत्ता त्या धंद्याशी बांधलेली असे, आणि त्याच्या मुलीशी लग्न करणाऱ्यालाही बेकरीच्या मंडळात दाखल व्हावे लागे.